सुप्याच्या वह्या आणि कार्डाचं स्टेटमेंट

१२ मे १८७५. पुणे जिल्ह्यातलं सुपे. नगर रस्त्यावर एमआयडीसी आहे ते पारनेर तालुक्यातलं सुपे नव्हे. हे तेव्हाच्या भीमथडी तालुक्यातलं आणि आज बारामती तालुक्यात येणारं सुपे. गावाची बाजारपेठ मोठी, त्यामुळे दुकानदार आणि सावकारही बरेच. त्या दिवशी आसपासच्या गावांमधले शेतकरी तिथे जमले आणि त्यांनी सावकारांवर चाल केली. धान्याची दुकानं लुटली गेली, काही घरांना आग लावली गेली. पण जमावाची मुख्य मागणी एकच होती: वह्या आणि कर्जरोखे बाहेर काढा. कागद हाती आले की त्यांची होळी व्हायची.

हे लोण पुणे जिल्ह्यातून तेव्हाच्या अहमदनगर, म्हणजे आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यात पसरलं. पुढच्या दोनेक महिन्यांत तीसहून अधिक गावांत असंच काहीसं घडलं. जिथे सावकारानं कागद मुकाट्यानं दिले, तिथे सहसा त्याच्या अंगाला हात लागला नाही.

शाळेच्या पुस्तकात हे ‘दख्खनचे दंगे’ दोन परिच्छेदांत संपतात. मीही ते परीक्षेपुरतेच वाचले होते. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, इतिहासाचा अभ्यासक नाही. या दंग्यांकडे मी पुन्हा वळलो ते एका मित्राच्या क्रेडिट कार्डाचा हिशेब मांडताना. तो हिशेब पुढे येईलच. आधी मला पडलेला प्रश्न सांगतो. चिडलेला माणूस तिजोरी फोडेल, गोदाम फोडेल. या लोकांना कागदच का जाळायचे होते?

उधारीचा सुकाळ

उत्तराची सुरुवात अमेरिकेत होते. १८६१ मध्ये तिथे यादवी युद्ध पेटलं आणि इंग्लंडच्या गिरण्यांना मिळणारा अमेरिकन कापूस आटला. गिरणीमालकांनी भारताकडे मोर्चा वळवला. १८६२ पर्यंत ब्रिटनमध्ये येणाऱ्या कापसातला ९० टक्क्यांहून अधिक कापूस भारतातून जात होता. मुंबईच्या व्यापाऱ्यांनी गावोगावच्या सावकारांना पैसा पुरवला आणि सावकारांनी तो शेतकऱ्यांना. कापूस लावलेल्या एकरामागे शंभर रुपये उचल मिळत होती. आजच्या भाषेत याला ‘प्री-अप्रूव्हड लिमिट’ म्हणता येईल. ऐपत किती, फेडणार कसं, हे विचारायची कुणाला गरज वाटत नव्हती, कारण भाव चढतच होता.

१८६५ मध्ये युद्ध संपलं. अमेरिकन कापूस बाजारात परतला, भाव कोसळले आणि सावकारांनी हात आखडता घेतला. नव्या उचली बंद, जुन्या बाकीचा तगादा सुरू. त्यातच १८६७ पासून सरकारनं जमीनमहसुलाची फेरआकारणी सुरू केली आणि काही ठिकाणी सारा ५० ते १०० टक्क्यांनी वाढला. सारा रोख भरायचा, ठरल्या तारखेला भरायचा. पीक बुडालं तरी भरायचा. मग त्यासाठी पुन्हा सावकाराचाच उंबरठा.

म्हणजे हे कर्ज चैनीचं नव्हतं. लग्नकार्यात उधळपट्टी करून शेतकरी बुडाला, हे तेव्हाच्या साहेब लोकांचं आवडतं स्पष्टीकरण होतं. आज कुणी कार्डाच्या कर्जात अडकला की आपणही पहिल्यांदा हेच म्हणतो, ‘आयफोन घेतला असेल.’ पण कर्ज कशासाठी काढलं यावरून ते कसं वाढतं हे कळत नाही. कर्ज वाढतं ते हिशेबाच्या पद्धतीमुळे.

दामदुपटीला लावलेली चूड

आपल्याकडे व्याजाला एक जुनी मर्यादा होती. तिचं नाव दामदुपट. एका वेळी मागायचं व्याज मुद्दलापेक्षा जास्त असता कामा नये, हा तिचा अर्थ. शंभर रुपये दिले असतील तर सावकाराला एकदम जास्तीत जास्त दोनशे मागता येतील. मग मधे दहा वर्षं जावोत की वीस. स्मृतिग्रंथांपासून चालत आलेला हा नियम मुंबई इलाख्यातली न्यायालयं हिंदू कायद्याचा भाग म्हणून मानत. १८५५ मध्ये इंग्रज सरकारनं व्याजावर मर्यादा घालणारे कायदे रद्द केले, त्यानंतरही हा नियम टिकून होता.

तरीही दख्खनच्या दंग्यांची चौकशी करायला नेमलेल्या आयोगासमोर शंभर रुपयांच्या कर्जावर दोन हजारांहून अधिक व्याज लावल्याचं प्रकरण आलं. नियम असताना हे झालं कसं?

इथे एका चांगल्या हेतूनं केलेल्या कायद्यानं घोळ घातला. १८५९ च्या मुदतीच्या कायद्यानुसार कर्जरोखा तीनच वर्षं ग्राह्य धरला जाणार होता. व्याज वर्षानुवर्षं साचत राहू नये, हा हेतू. सावकारांनी त्यातून वाट काढली. तीन वर्षं भरत आली की ते कुळाकडून नवा रोखा लिहून घेत. जुनं मुद्दल अधिक थकलेलं व्याज, ही झाली नव्या रोख्यातली ‘मुद्दल’. त्यावर पुन्हा व्याज.

आकडे मांडून पाहू. समजा, शंभर रुपये, महिना दोन टक्के सरळ व्याज, आणि मधे काहीच परत गेलं नाही. तीन वर्षांनी व्याज ७२ रुपये. नवा रोखा १७२ चा. सहा वर्षांनी २९६. नऊ वर्षांनी ५०९. बारा वर्षांनी ८७५. आता गंमत पाहा. प्रत्येक रोख्यात व्याज हे त्या रोख्यातल्या मुद्दलाच्या ७२ टक्केच आहे. एकाही रोख्यात ते मुद्दलापेक्षा जास्त नाही. म्हणजे दामदुपटीचा नियम एकदाही मोडला गेला नाही! शंभराचे पावणेनऊशे झाले आणि कागदोपत्री सगळं कायदेशीर. मोजणीचं यंत्र दर तीन वर्षांनी शून्यावर आणून ठेवलं की मर्यादेचा घंटानाद कधी होतच नाही.

हे सगळं घडत होतं त्या कागदावर शेतकऱ्याचा अंगठा असे. त्यात काय लिहिलंय ते त्याला वाचता येत नसे. त्यानं भरलेल्या पैशाची, घातलेल्या धान्याची पावती बहुधा मिळत नसे. दिवाणी कोर्ट तालुक्याला. तिथे जाण्यात दिवस मोडे, पैसा मोडे. त्यामुळे कितीतरी निकाल एकतर्फी लागत. शिरूर तालुक्यातल्या करडे गावात डिसेंबर १८७४ मध्ये काळूराम नावाच्या सावकारानं दीडशे रुपयांच्या कर्जापोटी बाबासाहेब देशमुख या शेतकऱ्याविरुद्ध घर खाली करून घेण्याचा हुकूमनामा मिळवला आणि घर पाडायला घेतलं. गावानं सावकारांवर बहिष्कार टाकला. बहिष्काराची ही लाट गावोगाव गेली आणि मे महिन्यात सुप्याला तिचं रूप बदललं.

आता कागदच का, हे कळतं. कर्ज मुळात किती होतं हे शेतकऱ्याच्या आठवणीत होतं; किती झालं हे फक्त सावकाराच्या वहीत. भांडण त्या वहीशी होतं.

या दंग्यांचं महत्त्व फुगवून सांगितलं गेलं, असा युक्तिवादही झाला आहे. इतिहासकार नील चार्ल्सवर्थ यांनी १९७२ मध्ये तो मांडला. दंगे मर्यादित भागात झाले, सगळेच शेतकरी कर्जबाजारी नव्हते, हे लक्षात ठेवायला हवं. रोष मुख्यतः बाहेरून आलेल्या मारवाडी-गुजर सावकारांवर निघाला, म्हणून ‘परके विरुद्ध आपले’ असंही ते रंगवलं जातं. पण रोखा तीन वर्षांनी नवा करून घेण्याची पद्धत कुण्या एका जातीची नव्हती. कायद्यानं दार उघडं ठेवलं होतं आणि त्यातून जाणं फायद्याचं होतं.

एक एक्सेल शीट

आता मित्राचा हिशेब. पुण्यात आम्ही एकाच कंपनीत आहोत. वडिलांच्या ऑपरेशनच्या वेळी त्यानं कार्डावर साधारण एक लाख रुपये खर्च केले. त्यानंतर दर महिन्याला तो ‘मिनिमम ड्यू’ भरत होता. एकही तारीख चुकली नव्हती. सव्वादोन वर्षं उलटल्यावर त्यानं मला विचारलं, “मी सगळे हप्ते वेळेवर भरतोय रे, मग हे संपत का नाही?”

‘हप्ते’ हा शब्द ऐकूनच मला गडबड लक्षात आली. मिनिमम ड्यू म्हणजे हप्ता नव्हे. हप्ता भरत गेलात तर कर्ज एका ठरलेल्या तारखेला संपतं. मिनिमम ड्यू भरला की तुम्ही एवढ्यात थकबाकीदार ठरत नाही, इतकंच.

आकडे सोपे करून देतो. बाकी एक लाख. व्याज महिना साडेतीन टक्के, म्हणजे वर्षाला ४२ टक्के. अनेक कार्डांवर दर याच्या आसपास असतो. त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी; दोन्ही मिळून महिना ४.१३ टक्के. मिनिमम ड्यू बाकीच्या ५ टक्के. कार्डावर नवी खरेदी काही नाही.

पहिल्या महिन्यात भरायचे सुमारे ५,२००. त्यातले ४,१३० व्याजात आणि करात गेले. मुद्दल हजार-अकराशेनं कमी झालं. वर्षभरात मित्रानं भरले जवळपास ५८,९०० आणि कर्ज उतरलं फक्त १२,२०० नं. अठ्ठावीस महिन्यांत भरले सुमारे १,२६,०००. त्यात व्याज आणि कर मिळून एक लाखाच्या थोडं वर. आणि बाकी अजून सुमारे ७३,९००.

म्हणजे अठ्ठाविसाव्या महिन्यात व्याज मुद्दलाइतकं झालं. दाम दुप्पट! जुन्या नियमाच्या काटेकोर अर्थानं ही दामदुपट नव्हे, कारण तो नियम एका वेळी थकलेल्या व्याजाला लागू होता. वेळोवेळी भरलेलं व्याज त्यात मोजत नसत. पण शीटवरचा तो आकडा पाहून मित्र गप्प झाला. तसंच चालू ठेवलं असतं तर पाच वर्षं पूर्ण झाल्यावरही ५२ हजारांच्या वर बाकी राहिली असती.

यात एक गोम आहे. बाकी कमी होते तसा मिनिमम ड्यूही कमी होतो. ५,२०० चे अठ्ठाविसाव्या महिन्यात ३,९०० झाले होते. भार हलका झाल्यासारखा वाटतो, पण त्यामुळेच कर्ज लांबतं. मित्रानं पहिल्या महिन्याइतकेच ५,२०० दर महिन्याला भरत ठेवले असते, तर सगळं कर्ज ३९ महिन्यांत संपलं असतं. महिना ८,००० भरले असते तर १८ महिन्यांत. व्याजदर तोच, बँक तीच. फरक इतकाच, की रक्कम त्यानं ठरवायची की स्टेटमेंटनं.

जाळलेल्या कागदांतून काय मिळालं

दंग्यांनंतर सरकारनं आयोग नेमला. १८५७ ला अजून वीस वर्षंही झाली नव्हती, म्हणून मुंबई सरकारवर चौकशीचा दबाव होता. आयोगाचा अहवाल १८७८ मध्ये ब्रिटिश पार्लमेंटपुढे ठेवला गेला आणि १८७९ मध्ये दख्खन शेतकरी साहाय्य कायदा झाला. सुरुवातीला तो पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या चार जिल्ह्यांना लागू होता. पुढे न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी याच कायद्याखाली विशेष न्यायाधीश म्हणून काम केलं.

या कायद्याची कलमं वाचताना मी थक्क झालो. कारण सुप्याच्या लोकांचं गाऱ्हाणं त्यात जवळपास जसंच्या तसं उतरलं आहे. रोख्यावरचा आकडा कोर्टानं निमूट मान्य करायचा नाही. व्यवहार सुरू झाला तिथपासूनचा इतिहास उकरायचा. मुद्दल आणि व्याज यांचा हिशेब वेगवेगळा मांडायचा. रोखा पालटताना मुद्दलात घुसवलेलं व्याज, कोर्टाला वाजवी वाटल्याखेरीज, मुद्दल म्हणून धरायचं नाही. मोजणीचं यंत्र शून्यावर आणण्याची जी युक्ती होती, नेमकी तीच इथे बंद केली आहे. कर्जाच्या हुकूमनाम्यासाठी शेतकऱ्याला तुरुंगात टाकणं थांबलं. कर्जाचे कागद गावच्या निबंधकासमोर करण्याची व्यवस्था आली.

आणखी तीन गोष्टी होत्या. पैसे भरल्याची लेखी पावती मागण्याचा हक्क. वर्षातून एकदा हिशेबाचा उतारा मागण्याचा हक्क. आणि तो हिशेब एका पासबुकात लिहून घेण्याचा हक्क.

आपल्या फोनवर दर महिन्याला येणारं आणि आपण न उघडता सोडून देणारं स्टेटमेंट ज्या हक्कातून येतं, त्याच जातीचा हा हक्क. तो सहज मिळालेला नाही.

कायद्यानं सगळं सुटलं असंही नाही. सावकारांनी पुन्हा वाट काढली: गहाणखताऐवजी सरळ खरेदीखत लिहून घ्यायचं आणि ‘पैसे फेडलेस की जमीन परत देईन’ हे तोंडी सांगायचं. कागदावर ते कर्जच नाही, मग कर्जाचा कायदा लागणार कसा? कायद्यात त्यासाठी पुढे दुरुस्ती करावी लागली. कर्जाचं नाव बदललं की नियम मागे पडतात, हे तेव्हाही खरं होतं. ‘आत्ता घ्या, नंतर द्या’ आणि ‘नो कॉस्ट ईएमआय’ पाहताना ते आठवावं. ‘नो कॉस्ट’मध्येही व्याजाची रक्कम बऱ्याचदा किमतीतल्या सवलतीतून वळती झालेली असते, आणि प्रोसेसिंग फी किंवा व्याजावरचा जीएसटी वेगळा लागू शकतो.

आजची मर्यादा

आज कार्डाच्या व्याजाला मर्यादा आहे का? राष्ट्रीय ग्राहक आयोगानं २००८ मध्ये म्हटलं होतं, की कार्डाच्या थकबाकीवर वर्षाला ३० टक्क्यांहून जास्त व्याज घेणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. २० डिसेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयानं तो निर्णय रद्द केला. असा दर ठरवणं ग्राहक आयोगाच्या अधिकारात येत नाही, ते रिझर्व्ह बँकेचं क्षेत्र आहे, हा त्यामागचा विचार. त्यामुळे आज दराला आकड्यातली छत नाही.

पण रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या निर्देशांत १८७९ ची आठवण देणाऱ्या काही गोष्टी आहेत. मिनिमम ड्यू असा हवा, की तो भरूनही बाकी फुगत जाणार नाही. न भरलेलं शुल्क आणि कर मुद्दलात घालून त्यावर व्याज चढवायचं नाही. आणि फक्त किमान रक्कम भरत राहिलात तर परतफेड कित्येक महिने-वर्षं लांबेल, अशी सूचना प्रत्येक स्टेटमेंटवर ठळकपणे छापायची. मित्राच्या स्टेटमेंटवर ती होती. त्यानं ती पाहिली नव्हती, कारण तो ॲपमधलं ‘पे नाऊ’ बटण दाबून बाहेर पडायचा, आणि तिथे किमान रक्कमच आधी निवडलेली असायची.

मग करायचं काय? शक्य असेल तर ‘टोटल ड्यू’ पूर्ण भरायचा. तेव्हा कार्ड हे जवळपास फुकट मिळालेले काही आठवड्यांचे पैसे असतात. एकदा का बाकी पुढे ढकलली, की नव्या खरेदीवरची बिनव्याजी मुदतही जाते आणि चहाच्या बिलावरही पहिल्या दिवसापासून व्याज लागतं. म्हणून बाकी असेपर्यंत ते कार्ड बाजूला ठेवायचं. एटीएममधून कार्डावर रोख काढायची नाही. तिथे बिनव्याजी मुदत नसतेच. आणि बाकी मोठी असेल तर ती स्वस्त कर्जात वळवायची.

मित्रानं शेवटचं केलं. त्याला पगाराच्या खात्यावर वर्षाला १५ टक्क्यांनी पर्सनल लोन मिळत होतं. ७३,९०० रुपये, दोन वर्षं: हप्ता साधारण ३,५८०. म्हणजे तो मिनिमम ड्यू म्हणून भरत होता त्याहून कमी, आणि चोविसाव्या महिन्यात कर्ज शून्य. प्रोसेसिंग फी धरूनही हिशेब फायद्याचाच निघाला. हा पर्याय त्याच्याकडे वर्षभर आधीपासून होता. वसुलीच्या फोनची धास्ती, घरी सांगण्याची लाज, यात तो कधी शांतपणे बसून हिशेबच करू शकला नव्हता. फोनबद्दलही नियम आहे, हे त्याला मी सांगितलं: २०२२ पासून वसुलीचे फोन सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर करायला मनाई आहे, धमकी आणि अपमान तर कधीच चालत नाही.

सुप्याच्या शेतकऱ्याला आपल्या कर्जाचा कागद वाचता येत नव्हता, आणि तो मागितला तरी मिळत नव्हता. आपल्याला वाचता येतं आणि कागद मेलमध्ये येऊन पडलेला असतो. पुढचं स्टेटमेंट आलं की त्यात तीन आकडे शोधा: एकूण बाकी, या महिन्यात लागलेलं व्याज, आणि वार्षिक व्याजदर. मागच्या बारा महिन्यांचं व्याज एका कागदावर लिहून बेरीज करा. ती बेरीज घरातल्या एका माणसाला दाखवा.